फोंताइन्यासमधील नूतनीकृत घर : विकत घेण्यापूर्वी काय पाहावे?

पणजी शहराच्या पूर्व भागात, एका बाजूस आल्तिनोची टेकडी आणि दुसऱ्या बाजूस ओरें खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात फोंताइन्यास ही जुनी वसती आहे. अरुंद रस्ते, एकमेकांना लागून उभी असलेली एक-दोन मजली कौलारू घरे, पिवळ्या, निळ्या व तांबड्या रंगांच्या भिंती, लाकडी खिडक्या आणि रस्त्यावर आलेले लोखंडी कठड्यांचे सज्जे यांमुळे ही वसती देशोदेशींच्या प्रवाशांना परिचित झालेली आहे. येथील काही मोठी घरे दुरुस्त करून त्यांचे लहान लहान भाग स्वतंत्रपणे विकण्याकडे अलीकडे कल दिसून येतो. एकच दालन, त्याच्या एका कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा आणि लागून न्हाणीघर व शौचालय, एवढ्या घरास आता 'स्टुडिओ' असे नाव मिळाले आहे.

'ऐतिहासिक वसतीत, संपूर्ण नूतनीकरण केलेले घर विकणे आहे' अशा आशयाची जाहिरात वाचून अनेकांचे मन तिकडे ओढले जाते. उदाहरणादाखल सत्तरी तालुक्यातील एका शिक्षकाची कल्पना करावी. निवृत्ती जवळ आलेली आहे, भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती यावयाची आहे आणि मुलगी पणजीत नोकरीस आहे. मोठे घर घेण्याची ऐपत नाही. परंतु शहरात हक्काची एक खोली असावी, ही इच्छा आहे. असे घर पाहावयास गेल्यावर त्यांना गुळगुळीत भिंती, नवी फरशी, चकाकणारे नळ आणि दिव्यांची सुंदर मांडणी दिसेल. ज्या गोष्टींवर त्यांच्या आयुष्यभराच्या शिलकीचे भवितव्य अवलंबून आहे, त्या मात्र दिसणार नाहीत. त्या गोष्टी गिलाव्याखाली, छताच्या वर आणि सरकारी दप्तरांत असतात. जुन्या वसतीतील एक खोली एकटी विकली जात नाही. तिच्याबरोबर सामाईक भिंती, सामाईक छप्पर, पूर्वजांचे वारस आणि वसतीचे नियम हेही येतात. म्हणूनच खोली घेणाऱ्याने सबंध घराची चौकशी केली पाहिजे.

वसतीची घडण

'फोंताइन्यास' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ लहान झरे असा आहे. आल्तिनोच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यांवरून हे नाव पडले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे माडांची बागायत होती. मोझांबिकमध्ये धन मिळवून परतल्यामुळे 'मोस्मीकार' म्हणून ओळखले जाणारे आंतोनियो जुआंव द सिक्वेरा यांचे नाव या जमिनीशी जोडले जाते. १७५९ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयचे निवासस्थान मांडवीकाठच्या आदिलशहाच्या राजवाड्यात आले. त्यानंतर पणजीचे महत्त्व वाढत गेले आणि १८४३ साली 'नोव्हा गोवा' या नावाने तिला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. राजधानीबरोबर कारकून, अधिकारी, व्यापारी व कारागीर आले आणि बागायतीच्या जागी घरे उभी राहिली. शेजारच्या मळा भागातही वसती वाढली. आज या दोन्ही भागांत एकीकडे सांत सेबास्त्यांवचे कपेल आणि दुसरीकडे टेकडीच्या उतारावरील मारुतीचे मंदिर हे तेथील लोकजीवनाचे आधार आहेत.

हा इतिहास खरेदीदाराने दोन कारणांसाठी ध्यानी घ्यावा. पहिले कारण भूमीचे आहे. वसती टेकडीच्या पायथ्याशी व खाडीच्या काठी आहे. टेकडीवरून जमिनीत मुरलेले पाणी खाली येते आणि खाडीच्या भरतीचे पाणी जवळ असते. ओलावा हा येथील घरांचा जन्मापासूनचा सोबती होय. दुसरे कारण मालकीचे आहे. एकाच कुटुंबाकडे चार-पाच पिढ्या राहिलेल्या घराचे वारस आज मुंबईत, लिस्बनमध्ये किंवा आणखी दूर असू शकतात. ओलावा आणि वारस, या दोहोंचा विचार पुढे क्रमाने केला आहे.

भिंत आणि चुना

या घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या, म्हणजे चिऱ्याच्या आहेत. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषून घेतो. पणजीत वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. त्यांनी चिऱ्याच्या भिंतीस चुन्याचा गिलावा केला व वर चुन्याचाच रंग दिला. चुना भिंतीतील ओल अडवून धरीत नाही. पावसाळ्यात भिंतीत शिरलेले पाणी पुढील आठ महिन्यांच्या उन्हात त्यातून वाफेच्या रूपाने हळूहळू बाहेर पडते. पावसाळा संपला की घराला पुन्हा रंग काढण्याची येथील प्रथा केवळ शोभेसाठी पडलेली नाही. तो भिंतीच्या निगेचा वार्षिक क्रम होता.

नूतनीकरणाच्या नावाखाली पुष्कळदा हा जुना गिलावा काढून त्या ठिकाणी सिमेंटचा गिलावा केला जातो व त्यावर प्लास्टिकचा अंश असलेला रंग चढविला जातो. पहिली दोन वर्षे भिंत देखणी दिसते. सिमेंट कठीण असते व पाण्याला सहजासहजी बाहेर पडू देत नाही. जमिनीतून चढलेली आणि छपरावरून उतरलेली ओल भिंतीच्या पोटात साचते. तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाशी स्फटिकरूप घेतात, रंगाला फोड येतात, पांढरा लोणा फुटतो आणि शेवटी गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. कधी कधी चिऱ्याचाच पृष्ठभाग भुसभुशीत होऊन गिलाव्याबरोबर निघून येतो. मग दरवर्षी नवा रंग लावूनही दोष जात नाही, कारण रंग हा त्यावरचा उपायच नव्हे.

म्हणून घर पाहताना भिंतीस कोणता गिलावा केला आहे, हे विक्रेत्यास स्पष्टपणे विचारावे. जमिनीपासून दोन-तीन हातांपर्यंतचा भाग हाताने चाचपून पाहावा. कपाटामागची, न्हाणीघराच्या पाठीमागची व जिन्याखालची भिंत आवर्जून पाहावी. भिंतीच्या खालच्या भागावर नवीच लाकडी किंवा फरशीची पट्टी बसविलेली असेल, तर ती कशासाठी बसविली याची चौकशी करावी. घर उन्हाळ्यात पाहिले असेल, तर आषाढ-श्रावणात आणखी एकदा पाहिल्याशिवाय व्यवहार पक्का करू नये. पावसाळ्यातील एका भेटीत जे कळते, ते उन्हाळ्यातील दहा भेटींत कळत नाही.

छप्पर, तुळया आणि न्हाणीघर

छप्पर मंगळुरी कौलांचे असते. त्याखाली आढे, वासे व रिपा आणि मजला असल्यास लाकडी तुळयांवर फळ्या, अशी जुनी रचना आहे. कौल फुटले तर ते सहज बदलता येते. फुटके कौल महिनोन्‌महिने तसेच राहिले, तर खालचे लाकूड कुजते. तुळईचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे तिचे भिंतीत शिरलेले टोक. तेथे हवा लागत नाही आणि भिंतीची ओल मात्र लागते. मधला भाग सागवानाचा, भक्कम व तेलपाणी केलेला दिसत असला, तरी टोक कुजलेले असू शकते.

नूतनीकृत घरांत खाली आडवे नवे छत बसवून कौले व वासे झाकण्याची पद्धत आहे. उष्णता कमी व्हावी, दिवे बसविता यावेत यासाठी ते सोयीचे असते. परंतु त्या छतात वर डोकावण्यासाठी एखादी झडप असलीच पाहिजे. झडप नसेल तर विक्रेत्याच्या संमतीने एक फळी काढून छपराची तपासणी करावी. लाकडावर हातोडीने हलकेच ठोकल्यास भरीव व पोकळ आवाजातील फरक जाणकार सुताराला लगेच कळतो. वाळवीच्या मातीच्या रेघा भिंत व लाकूड यांच्या सांध्याशी दिसतात. रेघा नुकत्याच पुसलेल्या आढळल्यास अधिक सावध व्हावे.

एका मोठ्या घराचे चार भाग केले म्हणजे चार न्हाणीघरे व चार शौचालये निर्माण होतात. जुन्या घरात बहुधा एक असे, तेही मागील बाजूस व जमिनीवर. आता ती वरच्या मजल्यावर, लाकडी तुळयांच्या आधारावर येतात. एक हजार लिटर पाण्याचे वजन एक टन होते. टाकी छतावर ठेवलेली असल्यास तिचा भार कोणत्या भिंतीवर दिला आहे, न्हाणीघराखाली कोणता आधार घेतला आहे आणि सांडपाणी मलनिस्सारण वाहिनीस जोडलेले आहे की जुन्या टाकीतच सोडलेले आहे, हे अभियंत्याकडून पाहून घ्यावे. वरच्या शेजाऱ्याचे न्हाणीघर गळू लागले तर खालच्याने दाद कोणाकडे मागावयाची, याचे उत्तरही खरेदीपूर्वीच मिळवावे. शिक्षकांसारख्या मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाने तपासणीची फी वाचविण्याच्या मोहात पडू नये. कुजलेली एक तुळई बदलण्याचा खर्च त्या फीच्या कितीतरी पट असतो.

मोजमाप कशाचे?

जुन्या घराच्या भिंती जाड असतात, त्यामुळे क्षेत्रफळाच्या आकड्यात मोठा फरक पडतो. समजा, एक दालन आतून ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे. त्याचे वापरावयाचे क्षेत्र ३० चौरस मीटर झाले. चारही बाजूंच्या भिंती अर्ध्या मीटरच्या धरल्या तर बाहेरून मोजमाप ७ गुणिले ६, म्हणजे ४२ चौरस मीटर येते. मधले १२ चौरस मीटर ही निव्वळ भिंत आहे. किंमत ४२ चौरस मीटरवर आकारली, तर ग्राहक आतल्या जागेच्या चाळीस टक्के इतक्या अधिक क्षेत्राचे पैसे देतो. शिवाय शेजारच्या भागाशी सामाईक असलेली भिंत दोन्ही खरेदीदारांच्या हिशेबात धरली जाण्याचीही शक्यता असते.

स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ मध्ये चटई क्षेत्राची व्याख्या दिलेली आहे. तीनुसार बाहेरील भिंती, खास त्या घरासाठी असलेला सज्जा किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची यांचे क्षेत्र त्यात धरले जात नाही, आतील आडभिंतींचे धरले जाते. किमतीची बोलणी याच क्षेत्रावर करावी. येथे आणखी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरांहून अधिक नाही किंवा ज्यातील घरांची संख्या आठांहून अधिक नाही, त्यास या अधिनियमाखाली नोंदणी करणे बंधनकारक नाही. जुन्या वसतीतील एका घराचे चार-पाच भाग केलेले असतील, तर तो व्यवहार बहुधा या सवलतीत मोडतो. नव्या मोठ्या इमारतीतील ग्राहकाला प्रकल्पाची माहिती नोंदणीमुळे घरबसल्या पाहता येते. येथे ती ग्राहकाने स्वतः गोळा करावयाची असते.

मालक एक की अनेक?

गोव्यात विवाह, वारसा व कौटुंबिक मालमत्ता यांबाबत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आलेली आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही ते कायदे पुढे चालू राहिले. वारसा हक्क व मालमत्तेची वाटणी यांसंबंधीच्या तरतुदी आता गोवा वारसा हक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२ मध्ये आहेत. या व्यवस्थेची तीन वैशिष्ट्ये खरेदीदाराने लक्षात ठेवावीत.

पहिले असे की, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती व पत्नी यांची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा वाटा असतो. त्यामुळे घर एकाच्याच नावे दिसत असले, तरी विक्रीस दोघांची संमती लागते. मुलगे व मुली यांचे हक्क समान आहेत, त्यामुळे विवाहित बहिणीची व तिच्या पतीचीही सही आवश्यक ठरते. 'तिने आपला वाटा तोंडी सोडला आहे' या सांगण्यास कायद्यात किंमत नाही.

दुसरे असे की, मालकाच्या मृत्यूनंतर वारस कोण हे विशेष नोटरीसमोर केलेल्या वारसपत्राने किंवा न्यायालयातील इन्व्हेंटरी कार्यवाहीने निश्चित होते. वाटणी झालेली नसेल, तर प्रत्येक वारस हा सबंध घरातील अविभक्त हिश्शाचा धनी असतो. अमुक खोली आपली, असे तो एकटा म्हणू शकत नाही. जाहिरातीतील खोली नेमक्या अशाच एका वारसाने दुरुस्त करून विक्रीस काढलेली असू शकते. त्याने खर्च केलेला असतो व त्याचा हेतूही प्रामाणिक असू शकतो. तरीही जे त्याच्या एकट्याचे नाही, ते तो विकू शकत नाही.

तिसरे असे की, अविभक्त हिस्सा परक्यास विकावयाचा झाल्यास तो घेण्याचा अग्रहक्क सहवारसांना कायद्याने मान्य केलेला आहे. त्यांना रीतसर सूचना दिली होती काय, हे पाहिले नाही तर खरेदीनंतर काही काळाने परदेशातून एखादा सहवारस हक्क सांगत येण्याचा धोका राहतो.

ज्या घरांचे वारस एकमत होऊ शकले नाहीत, अशी घरे वर्षानुवर्षे बंद राहतात. कौले कोसळतात, भिंतीवर झाडे उगवतात आणि एके दिवशी छप्पर खाली येते. वारसांनी एकत्र येऊन, रीतसर वाटणी करून घर दुरुस्त केले व त्यात नवी कुटुंबे राहावयास आली, तर घराचे व वसतीचे दोहोंचेही हितच होते. म्हणून अशा विक्रीकडे संशयानेच पाहावे असे नाही. कागद पुरे आहेत किंवा नाहीत, एवढाच प्रश्न आहे.

कोणते कागद, कोणत्या कचेरीत?

मालकीचा मागोवा दोन काळांतील दप्तरांतून घ्यावा लागतो. पोर्तुगीज काळातील जमीन नोंदणीत मिळकतीचे वर्णन व तिच्यावरील हक्कांची नोंद अशा दोन वेगळ्या नोंदी असत. त्यांना 'दिस्क्रीसांव' व 'इन्स्क्रीसांव' म्हणतात. 'मात्रीझ' ही महसुलासाठीची नोंद निराळी. हे दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये असल्याने त्यांचे अधिकृत भाषांतर करून घ्यावे. मुक्तीनंतरचे खरेदीखत, दानपत्र, गहाणखत आदी दस्तऐवज उपनिबंधकाच्या कार्यालयात आढळतात. त्या कार्यालयातून मिळकतीवर बोजा नसल्याचा दाखला घ्यावा आणि किमान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करवून घ्यावा.

पणजीच्या शहर मोजणीत प्रत्येक मिळकतीस पी. टी. शीट क्रमांक व चलता क्रमांक दिलेला आहे. विक्रेत्याने दाखविलेले घर व कागदावरील चलता क्रमांक एकच आहेत, याची नकाशावरून खात्री करावी. मोजणीच्या अभिलेखातील नोंद गोवा, दमण व दीव जमीन महसूल संहिता, १९६८ नुसार विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु ती स्वतः मालकी निर्माण करीत नाही. घरपट्टीची पावती किंवा विजेचे देयक यांवरून तर मालकी मुळीच सिद्ध होत नाही. ग्रामीण भागातून आलेल्या खरेदीदारांची या बाबतीत वारंवार गल्लत होते. पावती ज्याच्या नावे, घर त्याचे, अशी समजूत रूढ आहे व ती चुकीची आहे.

शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे नोंदणीकृत दस्तऐवजानेच होते. केवळ विक्रीच्या करारनाम्याने मालकी मिळत नाही. खरेदीखतात खोलीच्या चतुःसीमांबरोबर जमिनीतील अविभक्त हिस्सा, जिना, विहीर, अंगण व गच्ची यांवरील हक्क, तसेच छप्पर व बाहेरील भिंती यांच्या दुरुस्तीचा खर्च कोणी किती सोसावयाचा, हे स्पष्टपणे लिहून घ्यावे. कौलारू घरात याचे महत्त्व विशेष आहे. वरच्या मजल्यावरील मालकाने कौले परतली नाहीत, तर पाणी खालच्या मालकाच्या घरात येते.

घरात कोणी भाडेकरू आहे काय, हेही प्रत्यक्ष जाऊन पाहावे. गोवा, दमण व दीव इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण अधिनियम, १९६८ भाडेकरूस संरक्षण देतो आणि मालक बदलल्याने भाडेकरार आपोआप संपत नाही. एखादा वृद्ध भाडेकरू मागील खोलीत तीस-चाळीस वर्षे राहत असेल, तर त्याचा हक्क नव्या रंगाखाली झाकला जात नाही. त्यास दूर करून घर 'मोकळे' करून देण्याची भाषा विक्रेता करीत असल्यास तो कलह आपणच विकत घेत आहोत, असे खरेदीदाराने समजावे.

जतन विभागाचे नियम

पणजीच्या विकास आराखड्यात ही वसती जतन विभागात मोडते. गोवा, दमण व दीव नगर व ग्राम नियोजन अधिनियम, १९७४ आणि त्यानंतरचे जमीन विकास व बांधकाम विनियम, २०१० यांप्रमाणे अशा विभागातील बांधकामास नियोजन व विकास प्राधिकरणाची परवानगी लागते आणि प्रस्ताव जतन समितीकडे विचारार्थ जातो. इमारतीची उंची, छपराचा उतार, दर्शनी भाग, खिडक्या व सज्जे यांत मनास येईल तसा बदल करता येत नाही. याखेरीज पणजी महानगरपालिकेचा बांधकाम परवाना व काम पुरे झाल्यावर भोगवटा दाखला आवश्यक असतो.

खरेदीदाराने मंजूर नकाशा मागून घ्यावा व तो हाती धरून घरात फिरावे. नकाशात एकच निवास दाखविलेला असून प्रत्यक्षात चार केले असतील, मधल्या भिंतीत नवे दार पाडले असेल, मागील अंगणावर छत घातले असेल किंवा माळा चढवून त्यास मजल्याचे रूप दिले असेल, तर त्या बदलांना परवानगी होती काय, हे विचारावे. विनापरवाना बदलाबद्दल पुढे नोटीस आल्यास ती त्या वेळच्या मालकाच्या दारी येते. काम करणारा कंत्राटदार तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

हे नियम काही खरेदीदारांना जाचक वाटतात. परंतु ज्या शांत, बुटक्या, रंगीत रस्त्यासाठी ते अधिक किंमत मोजावयास तयार होतात, तो रस्ता याच निर्बंधांमुळे तसा राहिलेला आहे. समोरच्या घरावर दोन मजले चढविण्याची मुभा दिली, तर आपल्या खिडकीतून दिसणारी टेकडीही नाहीशी होईल.

घर राहण्यासाठी की भाड्यासाठी?

अशा लहान घरांची जाहिरात करताना प्रवाशांना भाड्याने देऊन मिळणाऱ्या उत्पन्नाचे आकडे पुष्कळदा पुढे केले जातात. प्रवाशांना पैसे घेऊन निवास पुरवावयाचा असल्यास गोवा पर्यटक व्यवसाय नोंदणी अधिनियम, १९८२ प्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. उत्पन्न हंगामावर अवलंबून असते व पावसाळ्यात घराच्या निगेचा खर्च मात्र थांबत नाही. कर्ज काढून घर घ्यावयाचे आणि त्याचे हप्ते प्रवाशांच्या भाड्यातून फेडावयाचे, असा हिशेब करणाऱ्याने वर्षातील रिकामे महिने आधी मोजावेत.

या प्रश्नास दुसरीही एक बाजू आहे. फोंताइन्यास हे पदार्थसंग्रहालय नाही. तेथे माणसे राहतात. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर, शाळेस निघालेली मुले, सज्जात बसलेली वृद्ध मंडळी यांनी ती वसती बनलेली आहे. दारासमोर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांचा उपद्रव रहिवाशांना सोसावा लागतो, त्याविषयी त्यांच्या तक्रारीही वेळोवेळी होत आल्या आहेत. एकेक घर प्रवाशांच्या मुक्कामाची खोली बनत गेले, तर भिंती रंगविलेल्या राहतील, परंतु रात्री दिवा लावून जेवावयास बसणारे कुटुंब तेथे उरणार नाही. उलट, नोकरी करणारी एखादी तरुणी किंवा निवृत्त शिक्षकाचे जोडपे तेथे कायमचे राहावयास आले, तर त्या लहानशा घरामुळे वसतीच्या आयुष्यात भर पडते.

खरेदीपूर्वीचा क्रम

वरील विवेचनाचा सार असा. प्रथम घर दोनदा पाहावे, त्यांपैकी एकदा भर पावसात. दुसऱ्या पायरीस अभियंता व जाणकार सुतार यांच्याकडून भिंत, तुळया, छप्पर व सांडपाण्याची व्यवस्था तपासून घ्यावी. त्यानंतर सर्व वारसांची नावे लिहून काढावीत आणि प्रत्येकाची व त्याच्या जोडीदाराची संमती लेखी आहे काय, हे पाहावे. मग वकिलाकडून दोन्ही काळांतील दप्तरांचा शोध घ्यावा. प्राधिकरण व महानगरपालिका यांच्याकडील परवाने आणि मंजूर नकाशा यांची प्रत्यक्ष घराशी तुलना करावी. किंमत चटई क्षेत्रावर ठरवावी. हे सर्व झाल्यानंतरच इसाऱ्याची रक्कम द्यावी. ती लेखी कराराने व बँकेमार्फत द्यावी आणि कागद अपुरे निघाल्यास रक्कम परत मिळण्याची अट त्या करारात असावी.

'दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे' असे सांगून घाई करणारे मध्यस्थ भेटतात. दीडशे-दोनशे वर्षे उभे असलेले घर चौकशीच्या दोन महिन्यांत कोठेही जात नाही. सत्तरीतील त्या शिक्षकांनी आपली शिल्लक याच क्रमाने आणि याच सबुरीने गुंतविली, तर मुलीला शहरात निर्वेध हक्काची जागा मिळेल आणि एका जुन्या घराला जबाबदार मालक लाभेल. चौकशीत दोष आढळून व्यवहार सोडावा लागला, तरी तपासणीवर खर्च झालेली थोडी रक्कम वाया गेली असे त्यांनी मानू नये. उरलेली सारी शिल्लक तिच्यामुळेच सुरक्षित राहिलेली असेल.